हारामधली खिडकी

अँटवर्प, ९ मार्च १८२८

प्रिय लिव्हिनुस,

डॉक्टरांनी शेवटी निकाल दिला. माझ्या दुखण्याला त्यांच्याकडे एक लांबलचक ग्रीक नाव आहे. तुला ते आवडेल. मला एवढंच कळलं की ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची जी माझी जन्माची सवय, तिच्यापायी शिशाचा सफेदा पोटात गेला आणि आता तो डोळ्यांवर आला आहे. “किती दिवस?” मी विचारलं. म्हणाले, “नाताळपर्यंत वाचता येईल असं धरून चालू नका.” आमची त्रेस, जी स्वयंपाकापासून भांडणांपर्यंत माझं सगळं करते, तिने तिथल्या तिथे त्यांना सुनावलं, “हे आधी नाही सांगितलंत? बाई काय काल चाटायला लागल्या ब्रश?”

तेव्हा मी ठरवलं आहे, एक चित्र करायचं.

आमच्या धंद्याची रीत तू जाणतोस. मी फुलांचा हार काढते आणि मधोमध अंडाकृती जागा मोकळी सोडते. तिला आम्ही खिडकी म्हणतो. मग ती फळी बोटीने तुमच्या ब्रुजला रोखुस स्टोफेल्सकडे जाते आणि तो खिडकीत चेहरा बसवतो. कधी मेरीमाता, कधी एखाद्या दारूभट्टीवाल्याची सासू. सही त्याची. असे माझे एकसष्ट हार झाले, आणि एकावरही माझं नाव नाही. फुलांखाली कोण सही करतं? मुलींना चेहरा शिकवत नाहीत, कारण त्या वर्गात उघडी माणसं बसवतात. म्हणून आम्ही फुलांकडे जातो, आणि मग लोक म्हणतात, बायकांना फुलांची उपजतच ओढ.

हा बासष्टावा हार माझा. खिडकीही माझी, आणि खिडकीत मी. डोळे आहेत तोवर. पुढे कुणाला कळावं की या सगळ्या फुलांमागे एक बाई बसलेली होती, तर ते सांगायला एवढी एकच फळी असेल.

आठवणीतून फूल काढायचं नाही हा माझा नेम, त्यामुळे जे जेव्हा उमलेल तेव्हा ते. आज हायसिंथ सुरू केलं. डेलिया फुलेपर्यंत सप्टेंबर येईल. ते झालं की ठरल्याप्रमाणे कायमची तुझ्याकडे राहायला येते. बेत बदलला असेल तर अजून मला वाचता येतं आहे तोवर कळव.

तुझी,
कोलेटा


ब्रुज, १६ मार्च

माझ्या आत्याच्या गुणी लेकीस,

पत्र तीनदा वाचलं. दोनदा भाऊ म्हणून, तिसऱ्यांदा मास्तर म्हणून. तिसऱ्या वाचनात शुद्धलेखनाच्या दोन चुका सापडल्या, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

‘कोलेटाचं चित्र’. पोरांना लॅटिन शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, पण षष्ठी विभक्तीइतकी लबाड चीज मी दुसरी पाहिली नाही. कोलेटाने काढलेलं चित्र? कोलेटाच्या मालकीचं? की कोलेटा ज्यात दिसते ते? आजवर तुझ्या वाट्याला यांतला एकही अर्थ धड आला नाही. आता तिन्ही एका दमात घेऊन टाक.

एक विनंती आहे. रोखुससारखं करू नकोस. हल्ली या चित्रकारांत स्वतःला वादळात उभं करायची साथ आली आहे. रोखुसनेही गेल्या वर्षी आपलं चित्र काढलं: मागे काळे ढग, कपाळावर उडणारे केस, नजर क्षितिजापलीकडे. त्या दिवशी वाऱ्याचा लवलेश नव्हता, आणि उडायला केस तर त्याआधी दहा वर्षांपासून नाहीत. मी विचारलं, “हे वादळ कुठलं रे?” म्हणाला, “आतलं.” आतून त्याच्या बायकोने आवाज दिला, “बिअर आणि कच्चे कांदे. दुसरं काय!”

बेत बदललेला नाही. मी विधुर माणूस, घर मोठं, वरची दक्षिणेची खोली झाडून ठेवली आहे. तुझे डोळे म्हणून माझी नेमणूक झाली असं समज. ताटात काय आहे, दारात कोण आहे, चर्चमध्ये कुणाची हॅट हास्यास्पद आहे, सगळं यथासांग सांगेन.

तुझा आज्ञाधारक (हे विशेषण पोकळ आहे),
लिव्हिनुस


अँटवर्प, २४ जून

मास्तर,

नेमणूक मंजूर, पण एका अटीवर. परवा त्रेसने शिळा पाव ताजा म्हणून वाढला. मी मुकाट्याने खाल्ला. वाईट पावाचं वाटलं नाही. वाटलं, आता हे असंच चालायचं. जो तो माझ्या भल्यासाठी खोटं बोलणार आणि मी मान डोलावणार. तू तसं करायचं नाहीस. मला दुखेल, मी रडेन, तुझ्यावर ताट फेकेन, तरी जे आहे तेच सांगायचं. कबूल असेल तरच येते.

गुलाब संपत आले. मान तिरकी करून, फुलाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. त्रेस म्हणते, “दाणे टाकू का, बाई?” पण गुलाब चांगले उतरले आहेत. खोटा विनय करायचं माझं वय गेलं.

संध्याकाळी आरशासमोरही बसते. टोपीची लेस दिसते, कानातले मोती दिसतात, कॉलर दिसते. मध्ये काय दिसतं ते आत्ता सांगत नाही. ते फळीवरच बघ.

तू विचारलं होतंस, माझं अक्षर असं दारू प्यायल्यासारखं का चालतं. ओळीचा मधला भाग मला नीट दिसत नाही, म्हणून. तुझी थट्टा मात्र अजून दिसते.

कोलेटा


अँटवर्प, ४ जुलै

मास्तर,

तुझं ‘कबूल’ एवढ्या एका शब्दाचं पत्र मिळालं. तुझ्याकडून आलेलं इतकं लहान पत्र मी जपून ठेवते आहे.

कोलेटा


अँटवर्प, ९ सप्टेंबर

प्रिय लिव्हिनुस,

हे त्रेस लिहिते आहे आणि मी सांगते आहे. चुका सापडल्या तर तिच्याशी भांड. (या, भांडा. त्रेस.)

चित्र झालं. काल बोटीवर चढवलं, परवा तुझ्या दारात येईल. डेलियाने दोन आठवडे खाल्ले. शेवटचं फूल मी जवळजवळ बोटांनी चाचपून काढलं. खिडकीला सहा आठवडे लागले. थरावर थर दिले, रोज आरशात बघून. लिव्हिनुस, मी जशी मला दिसते तशीच तीत आहे. एक कणही खोटा नाही. आयुष्यात एवढं खरं मी काही केलेलं नाही, गुलाबसुद्धा.

ऑक्टोबरात, आम्हा चित्रकारांच्या संताच्या, सेंट लूकच्या सणाला तुमच्याकडे कलामंडळाचं प्रदर्शन आहे. माझ्या नावाने दाखल कर. त्याआधी निवांत पाहा, आणि कसं आहे ते मला कळव. अट लक्षात आहे ना?

कोलेटा


ब्रुज, १४ सप्टेंबर

रोखुस,

तुझ्या घरी येऊन हे बोलवलं नसतं, म्हणून चिठ्ठी पाठवतो. सोबत कोलेटाची फळी आहे. हार बघ. मी बघितला आणि जाग्यावर बसलो. आता मधली खिडकी बघ.

तिथे काही नाही. नुसतं करडं. फुलं संपवल्यावर तुझ्यासाठी नेहमी सोडते तसं अस्तर. आणि ती मला लिहिते की तीत ती आहे, हुबेहूब आहे! तिच्या डोळ्यांचं इतकं झालं आहे, रोखुस. रोज आरशासमोर बसून तिने चेहरा काढला आणि तो फळीवर आलाच नाही, हे तिला दिसलं नाही. हे असं प्रदर्शनात टांगलं तर गाव हसेल. हसणार नाहीत ते कीव करतील, ते तर आणखी वाईट.

तू तिला ती विशीत असल्यापासून पाहतो आहेस. चेहरा तू घाल. तिला कळणार नाही आणि आपण कळू द्यायचं नाही.

लिव्हिनुस


ब्रुज, १५ सप्टेंबर

मास्तर,

तुम्हाला विभक्ती कळतात, मला अस्तर कळतं. हे अस्तर नाही, किंवा असलंच तर असं अस्तर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. अस्तर कुणी इतक्या निगुतीने देतं का? कडेला ऊबदार आहे, आत जाल तसं गार होत जातं. मी पाऊण तास समोर उभा होतो. बायको म्हणाली, “भिंतीकडे काय बघताय, जेवायला या.” तिला भिंत वाटली. मला कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं वाटत राहिलं.

बाईंना एकदा विचारा, असं माझं म्हणणं. एक पत्र टाकायला काय लागतं?

तरीही तुम्ही म्हणाल तर शनिवारी घालतो. तिचा चेहरा मला पाठ आहे. कसा, ते विचारू नका.

स्टोफेल्स


ब्रुज, ३० सप्टेंबर

प्रिय कोलेटा,

चित्र पाहिलं. अटीप्रमाणे सांगतो: तूच आहेस. याहून अधिक लिहायला गेलो तर मास्तरकीला शोभणार नाही असं काहीतरी होईल. मंडळाने दर्शनी भिंत दिली आहे. सेंट लूकला तू आणि त्रेस दोघी या. बोटीवर मी येतो घ्यायला.

लिव्हिनुस


अँटवर्प, २७ ऑक्टोबर

प्रिय लिव्हिनुस,

घरी पोचलो. त्रेसला बोटीत उलट्या झाल्या, ती अजून पडून आहे, म्हणून हे शेजारचा मुलगा लिहून घेतो आहे. मला काही झालं नाही. मी प्रवासभर हसत होते असं ती म्हणते.

आता सगळं सांगायला हरकत नाही. तू तर बघताक्षणी ओळखलंस. मे महिन्यापासून माझ्या नजरेच्या बरोबर मध्यावर एक करडा डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसतो. आरशात टोपी, मोती, कॉलर, आणि चेहऱ्याच्या जागी तो. पहिल्या दिवशी मी खूप रडले. जन्मभर दुसऱ्यांसाठी मोकळी खिडकी सोडली, आणि आता माझी पाळी आली तर तिथेही खिडकीच! मग वाटलं, नाही, हीच मी. दुसरा कुठलाही चेहरा काढला तर तो ऐकीव असेल. म्हणून सहा आठवडे मी त्या डागाकडे बघून तो डाग काढला. तो नुसता करडा नाही, तुला दिसलंच असेल. त्याला कड आहे, खोली आहे, तो किंचित हलतो.

भीती एवढीच होती की लोकांना काय कळणार. पण मी त्या दिवशी समोर उभी राहिले, आणि सगळं जिथल्या तिथे होतं. डावीकडे गुलाब, खाली पॉपी, उजवीकडे डेलिया, आणि मध्ये तो, जसा मी सोडला होता तसाच, छटासुद्धा इकडची तिकडे नाही. शेजारची एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, किती जिवंत आहे!” एक म्हातारा हॅट काढून बराच वेळ उभा होता. लिव्हिनुस, त्यांनी मला पाहिलं. एकसष्ट हारांमागे बसलेली मी त्यांना दिसले. आता अंधार आला तरी मी त्याला बसायला खुर्ची देईन.

तू मात्र एक शब्द बोलला नाहीस. तुझं गप्प राहणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते फार आवडलं.

तुझी,
कोलेटा


ब्रुज, २ नोव्हेंबर

प्रिय कोलेटा,

पत्र पोचलं. होय, अगदी तू सोडलंस तसंच आहे.

खोलीत शेगडी बसवून घेतली. कालवे गोठायच्या आत ये. आज चर्चमध्ये मृतांसाठी घंटा चालू आहेत, त्यामुळे जास्त लिहवत नाही.

लिव्हिनुस


अँटवर्प, १७ नोव्हेंबर

लिव्हिनुस,

त्रेस हे लिहिताना रडते आहे. मी तिला म्हटलं, कागद भिजवू नकोस.

सोमवारी आम्ही सामान बांधत होतो. जुना आरसा गुंडाळताना ती सहज म्हणाली, “आता कशाला हवा हा? डोळे तर तिकडे भिंतीवर आहेत तुमचे.”

मी विचारलं, “कुठले डोळे?”

“चित्रातले. रोखुससाहेबांनी घातलेले. काय सुंदर घातलेत, बाई! पंचविशीतल्या दिसता.”

“खिडकीत?”

“मग कुठे? मला वाटलं तुम्हीच मागाहून सांगितलंत त्यांना, नेहमीसारखं.”

त्यानंतर मी तिला नाक विचारलं, ओठ विचारले, केस कसे घेतले आहेत ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. मग मला कळलं की त्या दिवशी सभागृहात मी माझ्या चित्रासमोर उभी नव्हतेच. मी माझ्या डोळ्यातल्या डागाकडे बघत होते, आणि लोक रोखुसकडे.

खरवडता येईल का असं तुझ्या मनात येईल, म्हणून सांगते. येणार नाही. माझा रंग ओला असताना त्याचा वर बसला. दोन्ही आता एकजीव झाले. त्याचा काढाल तर माझाही निघेल, खाली फळी. दुसरं करायला डोळे नाहीत. परवापासून कडाही जाऊ लागल्या आहेत. रोखुसला काही बोलू नकोस. खिडकी करडी दिसली की चेहरा घालायचा, हे त्याने आयुष्यभर केलं.

तुझं सप्टेंबरचं मी समजू शकते. तुला करडं दिसलं, तुला वाटलं बहीण आंधळी झाली, तिला कळलं नाही. आंधळ्या माणसाला काहीच कळत नाही असं डोळसांना वाटतं, मलाही आधी वाटायचं. तू मला न विचारता मला झाकलंस. हेही मी कधीतरी गिळलं असतं.

पण माझं सत्तावीस तारखेचं पत्र तू वाचलंस. त्या दिवसापासून तुला सगळं माहीत होतं. मी त्यात किती आनंदात होते तेही. आणि तू लिहिलंस, ‘अगदी तू सोडलंस तसंच आहे.’

मी तुझ्याकडे येत नाही. यापुढे माझ्यासाठी जग म्हणजे कुणीतरी सांगितलेलं तेवढंच. तू प्रेमाने सांगशील, आणि तुझं कुठलं वाक्य प्रेमाचं आणि कुठलं खरं हे मी रात्रंदिवस चाचपत बसेन. मेखेलनला चर्चच्या जोगिणींचं एक घर आहे, तिथे आंधळ्या बायका ठेवून घेतात. मला अशी माणसं हवी आहेत ज्यांना माझी फारशी माया नाही.

फळी तू ठेव. ती आता कुणाची, ते तुझ्या षष्ठीला विचार.

कोलेटा


ब्रुज, २१ जानेवारी १८२९

कोलेटा,

डिसेंबरची माझी चारही पत्रं न फोडता परत आली. हे पाचवं. ते तुला कुणीतरी वाचून दाखवेल अशा आशेने मी सोपी वाक्यं लिहितो आहे.

मी खोटं बोललो. पहिल्यांदा मला वाटलं तू हसं करून घेशील, म्हणून. दुसऱ्यांदा मी भित्रा होतो, म्हणून. त्या दोन नोव्हेंबरला मी तुला खरं सांगणारं एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. वाचून पाहिलं, वाक्यरचना निर्दोष होती, आणि शेगडीत टाकलं. रोखुसने मला आधीच बजावलं होतं की विचारा. विचारायला एक पत्र पुरलं असतं. हे मी कुणालाही सांगू शकतो, पण सांगायला तूच एक होतीस.

फळी माझ्या समोर आहे. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. हार तुझा आहे. मधली बाई सुंदर आहे, तरुण आहे, ती तू नव्हेस. रोखुसने जन्मभर जिला मनात ठेवलं असावं अशी कुणीतरी ती आहे. तो येऊन तिच्यासमोर बसतो आणि मला दोष देत नाही. मी तिच्याखालचं करडं आठवून बघतो. आठवत नाही. मी ते तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवलं होतं आणि एकदाही पाहिलं नाही.

काल मी मेखेलनला आलो होतो. तू शेगडीजवळ लोकर सोडवत बसली होतीस. बारीक झाली आहेस. मी म्हणालो, “कोलेटा, मी लिव्हिनुस.” तू हात थांबवलेस, पण मान माझ्याकडे वळवली नाहीस. शेजारच्या जोगिणीला विचारलंस, “हे कोण आहेत, बाई?”

ती म्हणाली, “लिव्हिनुस म्हणताहेत.”

“ते म्हणताहेत ते मी ऐकलं. तुम्हाला काय दिसतं?”

लहानपणापासून तू माझा आवाज ओळखतेस. मी पुन्हा बोलणार होतो, पण ती बाई मला आपादमस्तक न्याहाळत होती, म्हणून थांबलो. ती म्हणाली, “एक वयस्क गृहस्थ आहेत. हॅट भिजली आहे. मी यांना ओळखत नाही.”

“बरं झालं, जे आहे ते सांगितलंत,” तू म्हणालीस, आणि तिचा हात धरून आत गेलीस.

लिव्हिनुस